रामानुजन यांचा द्विघाती रूपांवरील शोधनिबंध : एक चिकित्सा

प्रत्येक धन पूर्णांक चार पूर्ण वर्गांच्या बेरजेने मांडता येतो, हे लाग्रांज यांनी १७७० मध्ये सिद्ध केले. या वर्गांना अ, ब, क, ड असे धन पूर्णांक सहगुणक दिले, तर त्यांच्या कोणत्या निवडींनी सर्व धन पूर्णांक मिळतील, हा प्रश्न श्रीनिवास रामानुजन यांनी केंब्रिज फिलॉसॉफिकल सोसायटीच्या कार्यवृत्तात १९१७ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात हाताळला. त्यांनी अशा ५५ निवडी दिल्या. प्रत्यक्षात त्या ५४ आहेत. १, २, ५, ५ या निवडीने १५ ही संख्या मिळत नाही, हे डिक्सन यांनी १९२७ मध्ये दाखवून दिले.

चरित्रपर लेखनात ही चूक गाळली जाते, नाहीतर प्रतिभावंताची किरकोळ नजरचूक म्हणून तिची बोळवण होते. निबंध समोर ठेवला असता दोन्ही भूमिका अपुऱ्या ठरतात. क्ष² + २य² + ५र² या रूपाने न मिळणाऱ्या संख्या कोणत्या, हे रामानुजन यांनी स्वतःच नोंदविले आहे : २५न + १० व २५न + १५ या स्वरूपाच्या संख्या आणि २५च्या घातांनी गुणून येणारी त्यांची पटी. म्हणजे १० आणि १५ दोन्ही वर्ज्य. आता चौथे पद ५ल² जोडून १५ मिळवू पाहिल्यास ल शून्य घेता १५ उरतात, ल एक घेता १० उरतात, दोन्ही वर्ज्यच. यासाठी नवे गणित लागत नाही, एक वजाबाकी पुरते. लेखकाचाच नियम लेखकाची नोंद खोडतो. तीन पदांच्या रूपांविषयीचे हे नियम तपशील न देता मांडलेले आहेत, हा आमच्या मते अधिक गंभीर दोष होय.

चूक १५ वरच व्हावी, हेही लक्षणीय आहे. ज्यांच्या सारणीतील सर्व घटक पूर्णांक आहेत, अशा धन रूपांनी १ ते १५ या सर्व संख्या मिळत असतील, तर सर्वच धन पूर्णांक मिळतात, असे कॉनवे व श्नीबर्गर यांनी १९९३ मध्ये दाखविले. त्याची सुटसुटीत सिद्धता मंजुल भार्गव यांनी २००० मध्ये दिली. वरील निवडीने १५ वगळता अन्य कोणतीही संख्या सुटत नाही.

निबंधाचे खरे मोल मात्र दुसऱ्याच जागी आहे. क्ष² + य² + १०र² या रूपाने न मिळणाऱ्या विषम संख्या ३, ७, २१ पासून ३९१ पर्यंत देऊन, त्यांना कोणताही सोपा नियम दिसत नाही, असे रामानुजन प्रांजळपणे लिहितात. नियम शोधण्यासाठी ख्यात असलेल्या लेखकाची ही कबुली आमच्या वाचनात विरळाच. त्यांच्या १६ संख्यांत पुढे ६७९ व २७१९ यांची भर पडली. या अठरांखेरीज आणखी विषम संख्या नाहीत, हे ओनो व सौंदरराजन यांनी १९९७ मध्ये सिद्ध केले, तेही सामान्यीकृत रीमान गृहीतक खरे मानून. त्या गृहीतकाविना ही यादी पूर्ण आहे, असे आजही म्हणता येत नाही.