मोटारीच्या सस्पेन्शन ब्रॅकेटमधील भारविभाजन : एका गृहीतकाची चिकित्सा

प्रस्तावना :
मोटारीच्या स्प्रिंग व शॉक अ‍ॅब्सॉर्बरविषयी विपुल लिहिले जाते; त्यांना सांगाड्याशी जोडणारा आधार-ब्रॅकेट मात्र उपेक्षित राहतो. विद्यार्थ्यांच्या प्रकल्प-अहवालांत त्याचे विश्लेषण बहुधा एकाच साच्याचे असते. बोल्टची छिद्रे अचल मानायची, एकूण भार बोल्टच्या संख्येने भागायचा आणि संगणकाने दर्शविलेले कमाल प्रतिबल पोलादाच्या मर्यादेत असल्यास रचना सुरक्षित ठरवायची. प्रस्तुत लेखात यातील समान भारविभाजनाच्या गृहीतकाची चिकित्सा केली आहे.

भारविभाजनाचे तत्त्व :
भार अनेक मार्गांनी जात असेल, तर त्याची वाटणी मार्गांच्या संख्येवर नव्हे, तर ताठरतेवर ठरते. उदाहरणार्थ, ४,००० न्यूटन भार ३:१ ताठरतेच्या दोन समांतर मार्गांनी जात असून दोन्ही मार्ग सारखेच दबतात असे मानू. तेव्हा ताठर मार्गावर ३,००० व लवचीक मार्गावर १,००० न्यूटन येतात. समान वाटणी धरणारा अभ्यासक दोन्हींवर २,००० न्यूटन मोजतो. येथून दुसरी चूक संभवते : तडा गेलेला भाग केवळ जाड केल्यास तो अधिक ताठर होऊन अधिक भार स्वतःकडे ओढतो.

चिकित्सा :
फोर्डने १९५० मध्ये ब्रिटनमध्ये सादर केलेल्या कॉन्सल मोटारीत मॅक्फर्सन स्ट्रट होता. पुढे ही रचना लहान मोटारींत सर्वत्र रूढ झाली. तिच्या वरच्या आधाराचे दोन प्रकार आढळतात. एकात स्प्रिंग व शॉक अ‍ॅब्सॉर्बर यांचे भार एकाच रबरातून सांगाड्यात जातात. दुसऱ्यात त्यांचे मार्ग स्वतंत्र असतात. शिवाय जलद कंपनांत रबर अधिक ताठर होते. म्हणजे एकाच ब्रॅकेटमधील वाटणीही सदैव स्थिर नसते.

बोल्टबाबतही हेच दिसते. घट्ट आवळलेल्या जोडात बाह्य ताणाचा अल्प अंशच बोल्टवर येतो. उर्वरित भाग पत्र्यांमधील दाब कमी करण्यात खर्ची पडतो. जोड सैल होताच बोल्टवरील बदलता भार वाढतो आणि धातूच्या थकव्याचा प्रश्न उद्भवतो. बास्क्विन यांच्या १९१० मधील सूत्रात घातांक ५ धरल्यास, दीडपट प्रतिबलाने आयुष्य सुमारे साडेसातव्या हिश्श्यावर येते. वरील उदाहरणातील २,००० व ३,००० न्यूटन यांतील फरक दीडपटीचाच आहे. स्थिर भाराखाली 'सुरक्षित' ठरलेला ब्रॅकेट खड्ड्यांच्या रस्त्यावर अकाली का तुटतो, याचे एक उत्तर येथे मिळते.

समान विभाजन सर्वथा त्याज्य आहे, असे मात्र नव्हे. ब्रॅकेट पुरेसा ताठर, बोल्ट समरूप व सममित आणि भार त्यांच्या मध्यबिंदूतून जाणारा असल्यास प्राथमिक अंदाजासाठी ते ग्राह्य ठरते.

निष्कर्ष :
भारविभाजन हे विश्लेषणाचे गृहीतक नव्हे, तर फलित असावयास हवे. त्यासाठी सांगाड्याच्या पत्र्याची लवचीकता व बोल्टचा पूर्वताण प्रतिकृतीत अंतर्भूत करावा आणि प्रत्यक्ष ब्रॅकेटवर विकृतिमापक लावून उत्तर पडताळावे. ब्रॅकेट निखळल्यास चाकावरील ताबा सुटू शकतो. त्यामुळे हा प्रश्न केवळ आकडेमोडीचा नसून प्रवाशांच्या जीविताचाही आहे.