कवठाच्या बर्फीतला रवा

नरसोबाच्या वाडीला दत्तदर्शन झालं की बहुतेकांचे पाय पेढ्यांच्या दुकानाकडे वळतात. पेढा उत्तमच असतो. पण वाडीची खरी करामत मला कवठाच्या बर्फीत दिसते.

एक वडी हातात घेऊन बघा. कड किंचित कोरडी. दाताखाली आधी बारीकशी करकर लागते, मग आतला मऊ, चिवटसर गर, आणि साखरेच्या मागून येणारा कवठाचा आंबूस वास. एवढ्याशा वडीत साखर दोन रूपांत नांदते. कडेला तिचे स्फटिक झालेत, आत ती अजून विरघळलेलीच आहे.

साखरेचे रेणू नुसते जवळ आले म्हणून स्फटिक होत नाही. आधी त्यांचा एक बीजकण जमावा लागतो. तो फार लहान असेल तर त्यातले बरेचसे रेणू पृष्ठभागावरच उघडे राहतात आणि कण पुन्हा विरघळतो. ठरावीक आकार गाठला तरच तो वाढतो. कवठाचा गर ही वाढ अडवतो. त्यातल्या आम्लामुळे आटवताना थोडी साखर फुटून ग्लुकोज नि फ्रुक्टोज होते, आणि हे वेगळ्या घडणीचे रेणू स्फटिकाच्या रचनेत बसत नाहीत. शिवाय पेक्टिनचं जाळं पाणी धरून ठेवतं, त्यामुळे रेणूंची हालचाल मंदावते. कडेचं पाणी उडून जातं, म्हणून स्फटिकांचा रवा तिथे धरतो.

वडीत स्फटिकाची वाढ गर अडवतो; पण वाढायला जागाच नसेल, काही नॅनोमीटरच्या छिद्रांत सेंद्रिय पदार्थ कोंडले, तर काय होतं? जॅक्सन आणि मॅकेना यांनी १९९० मध्ये सच्छिद्र काचेत सेंद्रिय द्रव भरून पाहिले. छिद्र जितकं अरुंद, तितका वितळणबिंदू खाली आला. ग्लायसिन या अमिनो आम्लाची गोष्ट तर मला फारच मोहवते. त्याच्या अल्फा, बीटा, गॅमा या तीन स्फटिकरूपांपैकी बीटा एरवी टिकत नाही, सहज बदलून जातं. अरुंद छिद्रांत मात्र तेच ठाण मांडून बसतं, कारण इतक्या लहान स्फटिकात अंतरंगापेक्षा पृष्ठभागाचं वजन जास्त पडतं. रूप बदललं की विद्राव्यताही बदलते. रिटोनाविर या एचआयव्हीवरच्या औषधाचं कमी विरघळणारं नवं रूप अचानक प्रकटलं आणि १९९८ मध्ये त्याच्या कॅप्सूल बाजारातून मागे घ्याव्या लागल्या. औषधनिर्मितीत या कोंडलेल्या स्फटिकांचं मोल आहे ते यामुळे.

पुन्हा वाडीकडे वळू. पेढ्यात सूत्रं दुधातल्या लॅक्टोजच्या हाती असतात. सामान्य तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात साखर सुमारे २०० ग्रॅम विरघळते, लॅक्टोज जेमतेम २० ग्रॅम. त्यामुळे दूध आटलं की लॅक्टोज लवकर बाहेर पडू पाहतं. खवा निवताना घोटत राहिलं तर असंख्य बीजकण एकदम तयार होतात, कुणालाच फार वाढायला मिळत नाही आणि पेढा मऊसूत होतो. स्फटिक साधारण दहा मायक्रॉनच्या आत असतील तर जिभेला कळतही नाहीत. चांगला पेढा हे म्हणूनच हातांचं काम आहे, केशर-वेलदोडा त्यानंतरचा.

बासुंदीला हे संरक्षण नाही. फ्रिजमध्ये दोन-चार दिवस राहिली की त्या शांत थंडाव्यात लॅक्टोजचे मोजके स्फटिक निवांत वाढतात आणि घोटाघोटाला बारीक वाळू लागते. वाडीची बासुंदी घ्यावी ती घरी पोचल्या पोचल्या वाढण्यासाठी.