ऐकणाऱ्याचा आवाज : एका काळ्या गाण्याच्या आठवणी

एखादे गाणे आपण पहिल्यांदा कोठे आणि कसे ऐकले, ही आठवण आपल्या समीक्षेने कधी विचारार्ह मानली नाही. ती रसिकाची खासगी बाब, हळवेपणाचा विषय, फार तर दिवाळी अंकातल्या एखाद्या ललित लेखाची सामग्री, असेच ती समजत आली. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पेटी-तबला आणि पुस्तकांचे कपाट होते, त्यांच्यापुरते हे खरेही असेल. त्यांच्यासाठी नवे गाणे म्हणजे असलेल्या संग्रहात पडलेली आणखी एक भर. परंतु ज्या समाजाचे नावच शिवी म्हणून वापरले गेले, त्या समाजातल्या माणसाने आपले नाव सन्मानाने उच्चारलेले पहिल्यांदा ऐकले, तर तो क्षण त्याच्या एकट्याचा राहत नाही. तो सामाजिक इतिहासाचा पुरावा होतो आणि समीक्षेने त्याची साक्ष घेतलीच पाहिजे.

या दृष्टीने जेम्स ब्राउन या काळ्या अमेरिकन गायकाच्या एका गाण्याचा आणि ते ऐकणाऱ्यांच्या आठवणींचा विचार येथे करावयाचा आहे. गाण्याचे नाव 'से इट लाउड – आय ॲम ब्लॅक अँड आय ॲम प्राउड'. मोठ्याने म्हणा, मी काळा आहे आणि मला त्याचा अभिमान आहे, असा त्याचा सरळ अर्थ. ७ ऑगस्ट १९६८ रोजी लॉस एंजेलिस परिसरातील एका स्टुडिओत ते ध्वनिमुद्रित झाले. त्याच्या रचनेत ब्राउनबरोबर त्याच्या वाद्यवृंदातील आल्फ्रेड 'पी वी' एलिस याचा वाटा होता. तबकडी निघताच काळ्या श्रोत्यांच्या 'रिदम अँड ब्लूज' यादीत हे गाणे सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. सर्वसाधारण यादीत ते दहाव्या क्रमांकापर्यंत गेले. हे दोन आकडे जवळजवळ ठेवून पाहिले, की गाणे कोणासाठी होते आणि कोणी ते आपले मानले, हे वेगळे सांगावे लागत नाही.

गाणाऱ्याचे पूर्वायुष्य समजून घेतले पाहिजे, कारण ऐकणाऱ्यांना ते ठाऊक होते. ब्राउन १९३३ साली साउथ कॅरोलायनात अत्यंत दरिद्री कुटुंबात जन्मला आणि जॉर्जियातील ऑगस्टा गावी एका नातेवाईक बाईच्या कुंटणखान्यात वाढला. त्याने बूटपॉलिश केले, सैनिकांपुढे नाचून नाणी गोळा केली. अंगावर पुरेसे कपडे नाहीत म्हणून शाळेने त्याला घरी पाठविले. सोळाव्या वर्षी चोरीच्या आरोपाखाली तो तुरुंगात गेला. पुढे त्याने ऑगस्टातील एक रेडिओ केंद्र विकत घेतले. लहानपणी याच केंद्रासमोर तो बूटपॉलिश करीत असे. अशा माणसाने 'अभिमान' हा शब्द उच्चारला तेव्हा तो कोणत्याही पुस्तकातून आलेला नव्हता.

आता त्या शब्दाकडे वळू. १९६८ साली 'ब्लॅक' हा शब्द आजच्यासारखा रुळलेला नव्हता. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या भाषणांतसुद्धा 'नीग्रो' हाच शब्द प्रामुख्याने येतो. सभ्य माणसे 'नीग्रो' किंवा 'कलर्ड' म्हणत. 'काळा' म्हणणे म्हणजे भांडण काढणे. गोऱ्यांनी तो शब्द वापरला तर अपमान होताच, पण काळ्यांच्या वस्तीतली मुलेही एकमेकांना चिडविताना तोच वापरीत. गुलामगिरीचे सर्वांत मोठे यश तेच होते. मालकाची शिवी गुलामाच्या मुलांनी खेळता खेळता एकमेकांना द्यावी, यापेक्षा अधिक पक्का बंदोबस्त कोणता?

केनेथ आणि मेमी क्लार्क या काळ्या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९४० च्या सुमारास २५३ काळ्या मुलांपुढे गोऱ्या आणि सावळ्या बाहुल्या ठेवून प्रश्न विचारले होते. तीन ते सात वर्षांची ही मुले. चांगली बाहुली कोणती, असे विचारल्यावर बहुतेकांनी गोरी दाखविली. वाईट दिसणारी कोणती, तर सावळी. मग शेवटचा प्रश्न आला : तुझ्यासारखी कोणती? त्या प्रश्नावर काही मुले रडली, काही खोलीतून पळून गेली. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णभेद बेकायदा ठरविला, तेव्हा हा पुरावाही न्यायालयापुढे होता. न्यायालयाने शाळेचे दार उघडले. पण त्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मुलाच्या तोंडून येणे बाकी होते. कायदा माणसाला आत घेऊ शकतो. आत गेल्यावर त्याने स्वतःला काय म्हणावे, हे कायदा सांगू शकत नाही.

हे गाणे पहिल्यांदा ऐकल्याच्या आठवणी पुष्कळांनी सांगितल्या आहेत. त्यातली एक प्रसिद्ध आठवण 'पब्लिक एनिमी' या रॅप गटाचा कवी-गायक चक डी याची. १९६० साली जन्मलेला हा मुलगा तेव्हा आठ वर्षांचा होता. या शब्दांनी आपल्याला तिसरीच्या वर्गासाठी आणि पुढच्या आयुष्यासाठी तयार केले, अशा आशयाचे त्याने सांगितले आहे. 'तिसरीच्या वर्गासाठी' हे शब्द मला फार महत्त्वाचे वाटतात. तो गाण्याच्या ठेक्याविषयी बोलत नाही, गायकाच्या आवाजाविषयीही नाही. तो शाळेविषयी बोलतो. दप्तर, पाटी, पेन्सिल यांच्या जोडीला मुलाने शाळेत काय न्यावे लागते, ते तो सांगतो. आपल्यातल्या ज्याला तिसरीच्या वर्गात जातीवरून हाक ऐकावी लागली, त्याला याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

त्या पिढीने सांगितलेल्या अशा आठवणींत एक समान सूत्र दिसते. स्थळे वेगवेगळी : घरातला रेडिओ, न्हाव्याचे दुकान, रस्त्याचा कोपरा, शाळेचे मैदान. पण एकट्याने डोळे मिटून ऐकले, असे सांगणारा विरळा. आम्ही म्हटले, आम्ही ओरडलो, आम्ही रस्त्यावरून म्हणत गेलो, असेच सांगितले जाते. म्हणजे या आठवणी ऐकण्याच्या नाहीतच. त्या स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकल्याच्या आठवणी आहेत.

याचे कारण गाण्याच्या रचनेतच आहे. गायक अर्धे वाक्य म्हणतो आणि थांबतो. उरलेले अर्धे मुलांचा समूह म्हणतो. हाक आणि जबाब ही रीत ब्राउनने शोधलेली नाही. ती शेतावर राबणाऱ्या गुलामांच्या कामाच्या गाण्यांतून आणि काळ्यांच्या चर्चमधून आलेली आहे. १९६६ साली मिसिसिपीत स्टोकली कार्मायकेल यांनी 'ब्लॅक पॉवर'ची घोषणा दिली तीही याच रीतीने, गर्दीला प्रश्न विचारून. ब्राउनने या जुन्या साच्यात एक गोष्ट नवी केली. सर्वांत कठीण शब्द त्याने स्वतःकडे ठेवला नाही, तो मुलांना दिला. बाहुल्यांपुढे ज्या वयाची मुले रडली, जवळजवळ त्याच वयाच्या आवाजांत उत्तर आले. पुढे आत्मचरित्रात त्याने म्हटले आहे, की लोकांनी या गाण्याला आक्रमक ठरविले, परंतु नीट ऐकले तर ते मुलांचे गाणे आहे. मुलांनी अभिमानाने वाढावे म्हणूनच त्यात मुले घेतली.

संस्कृत काव्यशास्त्राने ज्या 'सहृदया'ची कल्पना केली, तो आस्वाद घेतो, द्रवतो, तल्लीन होतो, पण बोलत नाही. ही रसिकता भरल्या पोटाची आहे, असे मी म्हणत नाही. परंतु ती एवढी गृहीत धरते, की ऐकणाऱ्याला स्वतःचा आवाज आधीपासून आहे आणि तो थोडा वेळ बाजूला ठेवायला त्याची हरकत नाही. ज्याचा आवाज हिरावून घेतलेला आहे, त्याच्या आस्वादाची सुरुवात मौनाने होत नाही, जबाब देण्याने होते. जलशाची, शाहिरीची, भीमगीताची समीक्षा करताना हा फरक न पाहणारे विद्वान त्या गाण्यांना 'प्रचारकी' म्हणून मोकळे होतात. गाण्यातली जी जागा श्रोत्याच्या जबाबासाठी मोकळी सोडलेली आहे, ती त्यांना रचनेतला कच्चेपणा वाटते.

यावर काही आक्षेप येतील आणि ते टाळण्यात अर्थ नाही. पहिला आक्षेप असा, की आठवणी काळाच्या ओघात घासून गुळगुळीत होतात, गाणे प्रसिद्ध झाल्यावर प्रत्येकाचे आयुष्य 'त्या दिवशी' बदललेले असते. हे खरे आहे. एका गाण्याने कोणाचे आयुष्य बदलत नाही. त्या गाण्याच्या मागे माँटगोमेरीचा बसवरील बहिष्कार होता, १९६४-६५ चे कायदे होते, ४ एप्रिल १९६८ रोजी झालेला किंग यांचा खून आणि त्यानंतर पेटलेली शहरे होती. पण माणूस लढ्याची तारीख विसरतो आणि गाणे ऐकल्याची जागा लक्षात ठेवतो. चळवळीने मनात जे घडविले, ते जेथे त्याला पहिल्यांदा जाणवले, ती ही जागा असते.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. त्या समूहातली मुले सगळी काळी नव्हती. ब्राउननेच सांगितले आहे, की त्यातली बरीचशी गोरी आणि आशियाई होती. आणि ब्राउन स्वतः? त्याच वर्षी त्याने अमेरिकेची थोरवी सांगणारे गाणे काढले होते, व्हिएतनाममध्ये जाऊन सैनिकांपुढे कार्यक्रम केले होते, हंफ्री यांचा प्रचार केला होता. १९७२ साली तर त्याने निक्सन यांना पाठिंबा दिला. काळ्या माणसाने धंदा करावा, मालक व्हावे, हीच त्याची मुक्तीची कल्पना होती. या गाण्यामुळे आपला गोरा श्रोता तुटला, असेही त्याने पुढे म्हटले. ते गाणे काळाआड गेले, परंतु त्या वेळी त्याची गरज होती, असा त्याचा उत्तरायुष्यातील निवाडा होता. २००६ साली तो वारला.

या आक्षेपाचे उत्तर गायकाचा बचाव करून देता येत नाही, आणि देऊही नये. अभिमान हा भाकरीचा पर्याय नव्हे. मालकाच्या खुर्चीवर काळा माणूस बसला म्हणून मजुराची मजुरी वाढत नाही. परंतु गाणे हाक-जबाबाचे असल्यामुळे त्याचा अर्धा भाग कायद्याने ब्राउनचा असला, तरी व्यवहारात ऐकणाऱ्यांचा झाला. निक्सनला पाठिंबा देणाऱ्याने हाक दिली, आणि जबाब देणारे पुढे आपल्या वाटेने गेले. कलावंताच्या राजकारणाचा हिशेब मांडताना आपण सहसा त्याच्या निष्ठांची तपासणी करून थांबतो. श्रोत्यांनी त्या कलाकृतीचे काय केले, हा हिशेब राहूनच जातो. चळवळीच्या दृष्टीने तोच मोठा आहे.

काळ्या अमेरिकनांचा आणि आपला संबंध केवळ उपमेचा नाही. १९६६ साली ओकलंडमध्ये 'ब्लॅक पँथर' स्थापन झाली आणि १९७२ साली मुंबईत 'दलित पँथर'. नाव उघडपणे तेथून घेतले. शिवी म्हणून आलेला शब्द झेंड्यासारखा उचलण्याचे धैर्यही त्या व्यवहारात होते. पण एक फरक आहे, आणि तो आपल्या विरोधात जातो. कातडीचा रंग लपविता येत नाही. जात लपविता येते. आडनाव बदलता येते, गावाचे नाव गाळता येते, घरातली तसबीर आतल्या खोलीत नेता येते. म्हणून तेथे मोठ्याने म्हणणे म्हणजे जे दिसतेच आहे त्याचा अर्थ बदलणे, आणि येथे मोठ्याने म्हणणे म्हणजे जे दिसत नाही ते आपणहून दाखविणे.

माझ्या वर्गातल्या मुलांना मी एकदा भीमगीत पहिल्यांदा ऐकल्याची आठवण लिहायला सांगितली. कोणी १४ एप्रिलच्या मिरवणुकीविषयी लिहिले, कोणी लग्नाच्या मांडवातल्या लाऊडस्पीकरविषयी, कोणी आजीच्या तोंडून ऐकलेल्या गाण्याविषयी. एका मुलीने चारच ओळी लिहिल्या. गाणे तिला पाळण्यात असल्यापासून ठाऊक होते. पण शहरातल्या भाड्याच्या खोलीत राहायला आल्यावर वडिलांनी पहिल्याच दिवशी आवाज कमी करायला सांगितला. गाण्यात काही तरी आहे, हे तिला त्या दिवशी कळले. आवाज कमी केल्यावर.

त्या वडिलांना भित्रे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. मे २०१५ मध्ये शिर्डीत मोबाइलवर वाजलेल्या भीमगीताच्या रिंगटोनवरून वाद होऊन एका दलित तरुणाचा खून झाला. गाणे किती मोठ्याने वाजवावे हा प्रश्न आपल्याकडे अभिरुचीचा नाही, जीविताचा आहे. वामनदादा कर्डकांच्या आणि इतर शाहिरांच्या गाण्यांवर जे लिहिले जाते, त्यात या आवाजाच्या पातळीचा विचार आला पाहिजे. कोठे गाणे खुलेपणाने वाजले, कोठे दार लावून, कोठे फक्त ओठांवर.

म्हणून शिक्षकांना आणि कार्यकर्त्यांना माझे सांगणे असे, की गाण्यांच्या संहिता जमविण्याचे काम चालू आहे ते चालूच राहो, त्याबरोबर ऐकणाऱ्यांच्या आठवणीही जमवा. शाहिराचे नाव, चाल, साल एवढ्यावर थांबू नका. कोणी ऐकले, कोठे, बरोबर कोण होते, आवाज किती होता, आणि ऐकणाऱ्याने जबाब दिला की नाही, हे विचारा. ज्यांनी ही गाणी जलशात ऐकली, ती माणसे आता फार थोडी उरली आहेत. आणि ज्या मुलीच्या घरी आवाज कमी करावा लागला, तिचीही साक्ष त्याच वहीत, त्याच मानाने लिहा. उद्याच्या समीक्षकाला आपल्या गाण्यांचा इतिहास लिहायचा असेल, तर ती वही त्याला लागेल.