आरोग्याचा नकाशा : रंग एक, वस्त्या अनेक

आरोग्यातील विषमता दाखवणारे जिल्हावार रंगीत नकाशे आता पाठ्यसाहित्यातही दिसू लागले आहेत. भौगोलिक माहिती प्रणाली हे उपयुक्त साधन आहे, याबद्दल आमचे दुमत नाही. आमचा आक्षेप आहे तो या नकाशांतून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षांना. काशीमीऱ्याचे उदाहरण घेऊन तो तपासून पाहू.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) ७०७ जिल्ह्यांतील ६,३६,६९९ कुटुंबांकडून माहिती घेतली गेली. म्हणजे जिल्ह्यामागे सरासरी ९०० कुटुंबे. नकाशात ठाणे जिल्ह्याला एकच रंग मिळतो. २०१४ मध्ये पालघर वेगळा झाल्यावर उरलेल्या ठाण्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ८१ लाख भरते. त्यात ठाणे शहर आहे, तसे शहापूर-मुरबाडचे आदिवासी पाडेही आहेत. काशीमीऱ्यात तर हा फरक एकाच महापालिकेच्या हद्दीत दिसतो. महामार्गालगत उंच इमारती आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगराखाली पाडे व झोपड्या. सरासरीचा रंग यांपैकी कोणाचाच नसतो.

मग शहराचा वेगळा नकाशा काढावा काय? मिरा-भाईंदरची लोकसंख्या २०११ मध्ये ८ लाख ९ हजार होती, म्हणजे जिल्ह्याचा दहावा हिस्सा. त्याच प्रमाणात ९० कुटुंबे वाट्याला आली असे धरू. त्यांपैकी ४० टक्के घरांत एखादी उणीव आढळली, तर खरे प्रमाण ३० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान कोठेही असू शकते. एवढ्या ढोबळ आकड्यावरून पाडा आणि इमारत यांतला फरक सांगता येणार नाही.

दुसरी अडचण ठिकाणाची. माहिती देणाऱ्यांची ओळख उघड होऊ नये म्हणून पाहणीतील वस्त्यांचे बिंदू मुद्दाम सरकवून दिले जातात. शहरात २ किलोमीटरपर्यंत, ग्रामीण भागात साधारणतः ५ किलोमीटरपर्यंत. हे योग्यच आहे. पण काशीमीऱ्यात २ किलोमीटर म्हणजे महामार्गाची पलीकडची बाजू, नाहीतर थेट जंगल! अशा बिंदूपासून दवाखान्याचे अंतर मोजण्यात अर्थ नाही.

तिसरी चूक सरळ रेषेची. रुग्णालयाभोवती वर्तुळ काढले की आतल्या सर्वांना सेवा मिळते, असे मानले जाते. काशीमीऱ्याहून भाईंदर पश्चिमेच्या रुग्णालयात जाणाऱ्याला लोहमार्ग ओलांडावा लागतो. वर्तुळाला तो दिसत नाही. जॉन स्नो यांनी लंडनमधील १८५४ च्या कॉलऱ्याच्या नकाशात मृत्यू घराघरांशी नोंदवले आणि नंतरच्या आवृत्तीत पंपापर्यंतचे अंतर रस्त्याने मोजले. दीडशेहून अधिक वर्षांनंतर, संगणक हाताशी असताना, आपण त्यांच्या मागे का राहावे?

प्रश्न केवळ अचूकपणाचा नाही. ज्या वस्तीची उणीव नकाशात उमटत नाही, तिच्यासाठी दवाखाना मागताना पुरावा कोठून आणायचा?

शिक्षकांनी प्रत्येक नकाशाला तीन प्रश्न विचारावेत : एका रंगात किती माणसे आहेत, किती घरांवरून तो ठरवला आणि अंतर कोणत्या वाटेने मोजले? मग विद्यार्थ्यांकडून शाळेच्या परिसराचा नकाशा करून घ्यावा. त्यात कोणाच्या घरातला आजार नोंदवू नये. प्रत्येक गल्लीतून जवळच्या दवाखान्यात चालत किती मिनिटे लागतात, एवढेच लिहावे. जिल्ह्याच्या एका रंगाने काय लपवले, ते मुलांना आपोआप कळेल.