गवळ्यांची वर्तुळे

नागपूरच्या आसपास माळरानावर मोठमोठ्या दगडांची वर्तुळे आहेत. ती कोणाची, असे तेथील जुन्या माणसांस विचारले असता 'गवळ्यांची' असे उत्तर मिळत असे. आणि एकोणिसाव्या शतकातील इंग्रज मंडळींनी ते उत्तर आपल्या कागदांत उतरून घेतले. ज्या अवशेषाचा धनी सापडत नाही तो गवळी राजाच्या नावे चढविण्याची आपल्याकडे जुनीच खोड आहे. परंतु पुढे विद्वानांनी हेच मत शास्त्राचा अंगरखा घालून परत मांडले. दगडाच्या राशीवरून मेंढपाळ ओळखावा, की मेंढपाळाच्या तोंडून राशीचा अर्थ जाणावा, हा प्रश्न म्हणूनच विचारण्याजोगा आहे.

नागपूरजवळच्या जुनापाणी येथेच अशी सुमारे तीनशे वर्तुळे आहेत. कडेने मोठे दगड, आत माती व गोटे यांची रास आणि राशीखाली मृताबरोबर ठेविलेली मडकी व लोखंडी हत्यारे, असा हा प्रकार. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी ह्या वर्तुळांचा ध्यास घेतला होता. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची वर्तुळे पाहून परतताना पूर आलेल्या ओढ्यात त्यांचा अंत झाला. त्यांच्या मागे राहिलेले कागद सर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली छापून काढले.

ह्या ग्रंथाचे जे खरे धन, ते मात्र दगडांविषयी नाही. एका परधानाच्या तोंडून उतरून घेतलेले लिंगोचे गोंडी गीत हे ते धन होय. गुहेत कोंडलेल्या गोंडांच्या देवांस लिंगोने सोडविले, ही त्यातील कथा; आणि आजच्या गोंदिया जिल्ह्यात, सालेकसा तालुक्यातील कचारगडची गुहा हीच ती गुहा, अशी गोंड समाजाची श्रद्धा असून माघ पौर्णिमेस तेथे यात्रा भरते. आम्हांस नवल वाटते ते असे की, ज्या गृहस्थाने परधानापुढे बसून गीत ऐकले, त्याच गृहस्थाने वर्तुळ मात्र केवळ खणावयाची वस्तू मानली. ऐकण्याची रीत हाताशी असूनही ती माळापर्यंत पोचली नाही.

त्यांच्यानंतर रिव्हेट-कार्नाक यांनी जुनापाणीची वर्तुळे उकरली आणि १८७९ साली लेख प्रसिद्ध केला. युरोपातील थडग्यांशी असलेले साम्य पाहून ते चकित झाले व दोन्हीकडे एकाच भटक्या टोळ्या फिरल्या असाव्या असे त्यांनी सुचविले. जवळजवळ शंभर वर्षांनी, १९७४ साली, लॉरेन्स लेश्निक यांनी दक्षिणेतील महापाषाणी दफने पशुपालक भटक्यांची ठरविली. युक्तिवाद व्यासंगपूर्ण आहे, ह्यात शंका नाही. पण त्याचा पाया डळमळीत आहे. शां. भा. देव यांच्या माहुरझरीच्या उत्खननात (१९७०–७२) घोडे व त्यांचे तांब्याचे अलंकार निघाले, हे भटक्यांच्या पक्षास सोयीचे. परंतु नायकुंडास वस्ती सापडली, धान्याचे दाणे सापडले, लोखंड गाळण्याची भट्टीही सापडली. भट्टी पाठीवर टाकून कोणी रानोमाळ हिंडत नाही. गुरे बाळगणारे शेतकरी-लोहार असा मिश्र समाज हेच उत्तर आम्हांस अधिक पटते.

ह्याउलट वाट पश्चिम महाराष्ट्रात चालली गेली. गुंथर सोन्थायमर यांनी धनगरांच्या ओव्या व कथा ऐकून बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांवरील आपला ग्रंथ १९७६ साली जर्मन भाषेत सिद्ध केला. रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' ह्या ग्रंथात (१९८४) पंढरीच्या देवाचे मूळ गवळी-धनगरांत शोधले. ढेरे यांचा समन्वय कधी कधी फार लांब उडी घेतो, हे आम्ही नाकारीत नाही. तथापि ह्या दोघांच्या पानांत रानातला शेंदूर फासलेला दगड मुका राहत नाही. तेथे कोणता देव कोणत्या कळपामागून आला, हे कळपाचा धनीच सांगतो.

दूरच्या अमेरिकेत बास्क मेंढपाळांनी नेवाडा-आयडाहोच्या ओसाड कुरणांवर दगडांचे उंच मनोरे रचले. त्यांस 'दगडी पोरे' म्हणतात. कोणी म्हणतात ते वाटेच्या खुणेसाठी, कोणी म्हणतात निव्वळ वेळ जाण्यासाठी. पण त्याच माणसांनी तेथील झाडांच्या सालींवर आपली नावे व सालेही कोरली. त्यामुळे राशीजवळ निदान माणूस उभा राहतो.

पूर्व विदर्भाच्या गुराख्याचे नाव मात्र दुसऱ्यांनीच लिहिले, आणि ते किती महाग पडते! रसेल व हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथाची पाने गोवारी समाजाच्या खटल्यांत चर्चिली गेली. अनुसूचीतील 'गोंड गोवारी' ह्या दोन शब्दांत आपण येतो की नाही, ह्या प्रश्नासाठी २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात निघालेल्या मोर्च्यात चेंगराचेंगरी होऊन ११४ माणसे मृत्युमुखी पडली. २०१८ साली उच्च न्यायालयाने त्यांचे म्हणणे मान्य केले. १८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. न्यायनिवाड्यावर मत देण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु शंभर वर्षांपूर्वीच्या परक्या लेखणीने टिपलेल्या ओळी एवढ्या निर्णायक ठरतात, आणि गोवाऱ्यांच्या स्वतःच्या गीतांचा सोन्थायमरांच्या तोडीचा एकही ग्रंथ आमच्या पाहण्यात नाही, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकाच्या अधिकारातली खचित आहे.

गोंदिया-भंडाऱ्याकडे दिवाळीच्या पाडव्यास गायगोधन होते. शेणाची रास करून तिची पूजा करावयाची आणि गाणी म्हणत, नाचत तीवरून गुरे न्यावयाची. गुराख्याने रचलेली, नाव व प्रयोजन ठाऊक असलेली अशी ती रास; पण ती दगडाची नव्हे, आणि संध्याकाळपर्यंत तिचे काही उरतही नाही. पुढे कोणी तो माळ खणला तर त्यास जुनापाणीचे दगड मिळतील, गोधनाचे मात्र काही मिळणार नाही. ते ज्याला हवे असेल त्याने पाडव्याच्या दिवशी वही घेऊन तेथे जावे.