साल्वादोर अर्निता : ऑर्गनाच्या पट्ट्या आणि अरबी सूर

पवित्र भूमीविषयी आपल्या समाजात पुष्कळ लिहिले गेले आहे. यात्रेची वर्णने झाली, तेथील मंदिरांचा इतिहास झाला, बेथलेहेमच्या गव्हाणीवर तर दर नाताळात नवे काही लिहिले जाते. मात्र त्या भूमीत जन्मलेल्या, तेथील धर्मग्रामांत लहानाचे मोठे झालेल्या अरब ख्रिस्ती माणसांविषयी आपण क्वचितच वाचतो. जणू काही प्रभूच्या स्वर्गारोहणानंतर तेथे फक्त दगडच मागे उरले! पॅलेस्टिनी संगीतरचनाकार, ऑर्गनवादक आणि वाद्यवृंद-संचालक साल्वादोर अर्निता (१९१४-१९८५) यांच्या कार्याचा परामर्श घेताना आमचा पहिला हेतू हा समज दूर करण्याचा आहे. दुसरा हेतू थोडा अधिक अवघड आहे. ख्रिस्तसभेने हाती दिलेले परक्या देशाचे वाद्य आपल्या मातीचे सूर बोलू शकते काय, हा प्रश्न अर्निता यांच्या निमित्ताने नीट मांडता येतो.

अर्निता यांचा जन्म जेरुसलेमचा. त्या काळी शहरावर तुर्की सुलतानाचा अंमल होता. १९१७ च्या डिसेंबरात तो संपला आणि इंग्रज आले. १९२२ च्या जनगणनेनुसार जेरुसलेमची लोकसंख्या सुमारे साडेबासष्ट हजार होती आणि त्यांत ख्रिस्ती लोक सुमारे १४,७०० होते. म्हणजे दर चार माणसांमागे जवळजवळ एक ख्रिस्ती. ग्रीक, आर्मेनियन, लॅटिन अशा अनेक परंपरा एकाच तटबंदीच्या आत नांदत होत्या. लॅटिन परंपरेचा सांभाळ फ्रान्सिस्कन संघाकडे होता. पोप क्लेमेंट सहावे यांनी १३४२ साली पवित्र स्थळांची राखण या संघाकडे अधिकृतपणे सोपविली, तेव्हापासून ती त्यांच्याकडेच आहे. या संघाने तेथे देवळांबरोबरच शाळा चालविल्या, अनाथालये उघडली, छापखाना घातला आणि मुलांना संगीत शिकविले. अर्निता या परंपरेचे फळ होते.

त्यांचे गुरू ऑगस्टिन लामा (१९०२-१९८८) हे रामला गावचे. पवित्र कबरेच्या मंदिरात त्यांनी कित्येक दशके ऑर्गन वाजविला, उपासनेसाठी रचना केल्या आणि मुलांच्या पिढ्याच्या पिढ्या घडविल्या. पुढे सिंफनीकार म्हणून नावाजलेले युसुफ खाशो हेही जेरुसलेमचेच आणि लामांच्याच हाताखालचे. शाळकरी वयातच अर्निता लामांचे सहाय्यक झाले. किशोरवयात ते अलेक्झांड्रिया येथील संत कॅथरिन चर्चमध्ये ऑर्गनवादक म्हणून गेले. तेथून रोमच्या सांता चेचिलिया संगीत विद्यालयात आणि पुढे लंडनच्या गिल्डहॉल संगीत विद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. एका धर्मग्रामाच्या माडीवर सुरू झालेली वाट युरोपच्या नामवंत संगीतपीठांपर्यंत पोहोचली.

आपल्याकडच्या वाचकांना यात काही ओळखीचे दिसेल. गोव्याच्या धर्मग्राम-शाळांत व्हायोलिन आणि स्वरलेखन शिकलेली मुलेच पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीताचा कणा झाली. माजोर्डा येथील अँथनी गोन्साल्विस यांनी तर १९५८ साली वाद्यवृंद उभारून रागांवर आधारलेल्या सिंफनी रचना सादर केल्या. दोन्ही ठिकाणी शाळा चर्चची होती. प्रश्नही तोच होता.

हा प्रश्न संगीताच्या अंगाने समजून घेतला पाहिजे, नाहीतर अर्नितांच्या कामाचे मोल कळणार नाही. अरबी संगीत मकामांवर उभे आहे. मकाम म्हणजे आपल्या रागासारखी, ठरावीक स्वरांची आणि ठरावीक चलनाची व्यवस्था. बयाती, रास्त, सिका यांसारख्या मकामांत असे काही स्वर येतात, जे पियानोच्या किंवा ऑर्गनाच्या दोन लगतच्या पट्ट्यांच्या अधेमधे पडतात. ऊद वाजविणारा बोट किंचित सरकवून ते सहज काढतो. ऑर्गनाची नळी एकदा घडविली की तिचा स्वर हलत नाही. शिवाय अरबी संगीत एका धुनीच्या विस्तारावर जगते. अनेक स्वर एकाच वेळी उभे करून सुसंवाद साधण्याची युरोपीय रीत त्याला अनोळखी. १९३२ साली कैरो येथे अरबी संगीताची मोठी परिषद भरली होती. बार्टोक आणि हिंडेमिथ यांच्यासारखे युरोपीय रचनाकार तिला उपस्थित होते. पियानोला अरबी संगीतात जागा द्यावी की नाही, यावर तेथे कडाक्याचा वाद झाला. आपल्याकडील पेटीचा वाद ज्यांना आठवतो, त्यांना हे सारे परिचित वाटेल. श्रुती सांभाळत नाही म्हणून आकाशवाणीने १९४० साली पेटीला दार बंद केले होते आणि ते पुढे तीस वर्षे बंदच राहिले.

ख्रिस्तसभेच्या बाजूने पाहिले, तर तिकडे वेगळीच शिस्त होती. पोप पायस दहावे यांनी २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, संत सेसिलियाच्या सणादिवशी, पवित्र संगीताविषयी आपला प्रसिद्ध आदेश काढला. ग्रेगोरियन गायन हा आदर्श, त्यानंतर जुने बहुस्वरी गायन, आणि वाद्यांत ऑर्गन, असा क्रम त्यांनी घालून दिला. लामा आणि अर्निता या शिस्तीत वाढले. म्हणजे ज्या तरुणाच्या घराबाहेर, गल्लीत आणि लग्नमंडपात बयातीचे सूर ऐकू येत, त्याच्या बोटांखाली मात्र लॅटिन उपासनेचे स्वर होते. हा दुभंग त्याने स्वतः ओढवून घेतलेला नव्हता. तो त्याला वारशात मिळाला होता. टीकाकाराने निवाडा देण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे, असे आम्हांस वाटते.

शिक्षण संपवून अर्निता मायदेशी परतले आणि जेरुसलेमच्या वायएमसीए या संस्थेत संगीत-संचालक आणि ऑर्गनवादक झाले. ही वास्तू १९३३ साली खुली झाली होती. तिच्या दर्शनी भागावर हिब्रू, अरामी आणि अरबी अशा तीन भाषांतले लेख आहेत, तिच्या मनोऱ्यात सुस्वर घंटांचा संच आहे आणि सभागृहात भव्य ऑर्गन. संस्था प्रॉटेस्टंट, वादक फ्रान्सिस्कनांच्या हाताखाली शिकलेला, श्रोत्यांत अरब, ज्यू, इंग्रज सारेच. ऐक्याची भाषा व्हॅटिकन परिषदेने शिकविण्याच्या कितीतरी आधी त्या सभागृहात ती सुरांतून बोलली जात होती. तेथे अर्नितांनी वाद्यवृंदाचे संचालन केले, ऑर्गनच्या मैफली दिल्या.

त्याच काळात घडलेली दुसरी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. हिटलरच्या छळातून सुटलेल्या ज्यू वादकांना एकत्र करून ब्रोनिस्लाव ह्युबरमान यांनी ‘पॅलेस्टाईन ऑर्केस्ट्रा’ स्थापन केला. २६ डिसेंबर १९३६ रोजी तेल अवीव येथे तोस्कानिनी यांनी त्याची पहिली मैफल संचालित केली. अनेकांचे प्राण वाचविणारे ते थोर कार्य होते, यात शंका नाही. पुढे या वाद्यवृंदाचे नाव बदलून इस्रायल फिलहार्मोनिक झाले. मात्र जगाला ‘पॅलेस्टाईनचे संगीत’ म्हणून जे ऐकू आले, त्यात लामा आणि अर्निता यांच्यासारख्या अरब संगीतकारांचा आवाज नव्हता. एकाच लहानशा देशात दोन संगीतजीवने शेजारी शेजारी वाढत होती. एकीच्या वाट्याला जगाचे लक्ष आले; दुसरीच्या वाट्याला विस्मरण.

पुढचा इतिहास दुःखाचा आहे. २२ जुलै १९४६ रोजी वायएमसीएच्या अगदी समोर असलेल्या किंग डेव्हिड हॉटेलात स्फोट झाला आणि ९१ माणसे दगावली. १९४७ च्या उन्हाळ्यात संयुक्त राष्ट्रांच्या समितीने त्याच वायएमसीएमध्ये साक्षी नोंदविल्या आणि त्या वर्षअखेर फाळणीचा ठराव झाला. १९४८ च्या युद्धात सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी लोक घराबाहेर फेकले गेले. पश्चिम जेरुसलेममधील कातामोन, ताल्बिया, बाका या सुखवस्तू वस्त्यांतून, जिथे ख्रिस्ती कुटुंबे मोठ्या संख्येने होती, अरब रहिवासी नाहीसे झाले. कुलुपांच्या किल्ल्या बरोबर राहिल्या, घरे मागे राहिली, आणि घरांत पियानो राहिले. ऑर्गनवादकाचे दुर्दैव तर आणखी वेगळे. ऊदवाला आपले वाद्य काखोटीला मारून सीमा ओलांडू शकतो. भिंतीत बांधलेला ऑर्गन कोण उचलणार?

अर्निता बैरुतला गेले. तेथील अमेरिकन विद्यापीठात त्यांनी वर्षानुवर्षे संगीत शिकविले, गायकवृंद घडविला, आणि रचनेचे काम नेटाने चालू ठेवले. सिंफनी आणि कॉन्सेर्टो हे युरोपीय साचे त्यांनी सोडले नाहीत. पण अरबी लोकधुनींना त्यांत जागा दिली. महमूद दरवेश यांच्या कवितेवर त्यांनी ‘ओळख’ ही कॅन्टाटा रचली. कॅन्टाटा हा प्रकार मुळात युरोपीय चर्चच्या अंगणात बहरलेला. त्यात आता एका मुसलमान घरात जन्मलेल्या, गाव गमावलेल्या कवीचे शब्द आले. आमच्या मते अर्नितांच्या साऱ्या आयुष्याचा अर्थ या एका निवडीत एकवटला आहे. फ्रान्सिस्कनांनी दिलेली विद्या त्यांनी आपल्या लोकांच्या दुःखाच्या कामी लावली.

या प्रवासात त्यांच्या पत्नी युसरा जौहरिया अर्निता यांचा वाटा मोठा आहे. त्या स्वतः संगीतज्ञ आणि लोककलांच्या अभ्यासक होत्या. पॅलेस्टिनी लोककलांवरील त्यांचा अरबी ग्रंथ १९६८ साली बैरुतच्या पॅलेस्टिनी संशोधन केंद्राने प्रसिद्ध केला. लग्नातली, सुगीची, अंगाईची गाणी गावाबरोबर नष्ट होऊ नयेत म्हणून त्यांनी ती टिपून ठेवली. पतीने धुनींना वाद्यवृंद दिला, पत्नीने त्यांची मुळे जपली. १९८२ साली इस्रायली सैन्य बैरुतमध्ये शिरले, तेव्हा याच केंद्राचा ग्रंथसंग्रह गाड्यांत भरून नेण्यात आला आणि पुढच्या वर्षी कैद्यांच्या अदलाबदलीतून तो परत मिळवावा लागला. गाण्यांच्या वह्यांनाही युद्धकैदी व्हावे लागते, हे त्या प्रसंगाने दाखविले.

आता गुणदोषांची चर्चा. अर्नितांवर दोन आक्षेप घेता येतात. पहिला असा की, लोकधून ऑर्केस्ट्रात बसविताना तिचे पावसुराचे नाजूक वळण हरवते. उरते ती सजविलेली, पण थोडी अनोळखी झालेली धून. हा आक्षेप आम्ही मान्य करतो. पट्ट्यांच्या वाद्यापुढे हे नुकसान अटळ आहे आणि मकामात मुरलेला श्रोता ते लगेच ओळखतो. दुसरा आक्षेप असा की, हे सारे युरोपचे अनुकरण आहे. हा मात्र आम्हांस पटत नाही. बेथलेहेमच्या जन्ममंदिराच्या आवारात १९०६ साली जमिनीत पुरलेल्या २२२ ऑर्गन-नळ्या सापडल्या. क्रूसेडच्या काळात युरोपातून आलेला हा ऑर्गन कित्येक शतके मातीत होता. २०२५ साली त्यांतील काही नळ्या जेरुसलेमच्या फ्रान्सिस्कन मठात पुन्हा वाजल्या. ज्या भूमीत ऑर्गनाच्या नळ्या इतकी शतके पुरून राहतात, तेथे तो पाहुणा तरी कसा म्हणावा? आणि जे वाद्य एखाद्या मुलाने दहाव्या-अकराव्या वर्षी आपल्या मातृभाषेइतक्याच सहजतेने आत्मसात केले, ते त्याला परके म्हणणे हा अन्याय आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचे संविधान प्रसिद्ध केले. त्याचे ११९ वे कलम प्रत्येक जनसमूहाच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला मान देण्यास सांगते. लगेच पुढचे, १२० वे कलम ऑर्गनाचा गौरव करते. ही दोन कलमे एकमेकांशेजारी ठेवली आहेत, यात शहाणपण आहे. एक घेऊन दुसरे टाकायचे नाही. संविधान प्रसिद्ध होण्याच्या वेळी अर्निता पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते. त्या दोन कलमांमधली अरुंद वाट ते आधीपासूनच चालत आले होते, आणि तेही कोणाच्या आदेशाशिवाय. ती वाट त्यांनी पूर्ण केली असे आम्ही म्हणणार नाही. मकाम आणि सुसंवाद यांचा मिलाफ त्यांच्या संगीतात कधी साधतो, कधी निसटतो. पण पुढे येणाऱ्यांना वाट आहे हे त्यांनी दाखवून दिले.

पुढे येणारे आलेही. १९९३ साली पॅलेस्टिनी संगीतकारांनी राष्ट्रीय संगीत विद्यालय स्थापिले; आज ते एडवर्ड सैद यांच्या नावाने ओळखले जाते. १९९५ साली फ्रान्सिस्कन धर्मगुरू आर्मांदो पिएरुच्ची यांनी जेरुसलेममध्ये ‘मॅग्निफिकात’ संगीतशाळा सुरू केली आणि तेथे ख्रिस्ती, मुसलमान, ज्यू विद्यार्थी व शिक्षक एकत्र आले. ३१ डिसेंबर २०१० रोजी रामल्ला येथे पॅलेस्टाईन नॅशनल ऑर्केस्ट्राची पहिली मैफल झाली. जे नाव १९३६ मध्ये लामा-अर्नितांच्या लोकांना वगळून उच्चारले गेले, ते चौऱ्याहत्तर वर्षांनी त्यांच्या नातवंडांच्या पिढीने आपलेसे केले.

तरीही एक चिंता उरते. जेरुसलेम आज दहा लाखांच्या घरात गेले आहे आणि त्यात ख्रिस्ती लोक शेकडा दोनहूनही कमी आहेत. ऐकणारे पांगले की संगीत टिकत नाही. अर्नितांच्या रचनांची ध्वनिमुद्रणे सहज हाती लागत नाहीत. त्यांचे नाव संगीताच्या जाडजूड इतिहासग्रंथांत शोधावे लागते. समाज दूरदेशी गेला, की प्रथम त्याची गाणी कागदावर उरतात आणि मग कागदही उरत नाहीत. म्हणून धर्मग्रामाच्या माडीवर, जुन्या कपाटात, वाळवीच्या तोंडाशी पडलेल्या स्वरलेखनाच्या वह्यांकडे आपण आदराने पाहावे. त्या कोणी लिहिल्या, कोणी गायिल्या, याची नोंद करावी. बाबिलोनच्या बंदिवानांनी परक्या देशात गावे की न गावे, असा प्रश्न विचारला होता. अर्नितांनी गाणे निवडले. ऐकण्याची जबाबदारी आता आपली आहे.