तिलांजली आणि आवाहन : एस्किलसच्या इलेक्ट्राचा पितृशोक

एस्किलसची 'ओरेस्टिया' ही नाट्यत्रयी इ. स. पूर्व ४५८ मध्ये अथेन्स येथील नाट्योत्सवात सादर झाली व तिला प्रथम पारितोषिक मिळाले. तिच्यातील दुसऱ्या नाटकाचे नाव 'खोएफोरी', म्हणजे मृतासाठी पेयार्पण घेऊन येणाऱ्या स्त्रिया. या नाटकाविषयी आधुनिक काळात जो वाद झाला, तो मुख्यतः ओरेस्टीसभोवती फिरत राहिला. मातृवधाचा निश्चय त्याच्या मनात थडग्यापाशी झालेल्या दीर्घ शोकगानातून पक्का होतो, असे विलामोवित्स या जर्मन पंडिताचे मत होते. तो निश्चय आधीच झालेला होता, असे शाडेवाल्टने १९३२ मध्ये प्रतिपादले. वाद महत्त्वाचा खरा; परंतु त्यामुळे थडग्यापाशी बोलणारी जी कन्या, तिच्या बोलण्याकडे पुरेसे लक्ष गेले नाही. नाटकाचा नैतिक पेच प्रथम शब्दबद्ध होतो तो तिच्याच मुखाने.

प्रसंग असा आहे. अगमेम्ननचा वध करणारी त्याची पत्नी क्लायटेम्नेस्ट्रा हिला भयंकर स्वप्न पडते : आपण सर्पाला जन्म दिला, त्याला स्तनपान दिले आणि दुधाबरोबर त्याने रक्तही ओढले. मृताचा कोप शमावा म्हणून ती इलेक्ट्राला दासींसह पतीच्या थडग्याकडे पाठविते. कन्या पात्र हाती घेऊन थांबते, कारण ओतताना काय म्हणावे हे तिला कळत नाही. प्रिय पत्नीने प्रिय पतीला हे पाठविले, असे म्हणावे तर ते असत्य. अर्पण करणाऱ्यांचे भले कर, ही रूढ प्रार्थना म्हणावी तर ती मारेकऱ्यांच्याच पदरात पडेल. काही न बोलता ओतावे आणि घरातला केर बाहेर टाकणाऱ्याप्रमाणे पात्र फेकून, मागे न पाहता निघून जावे, तर तो पित्याचा दुसरा अपमान.

येथे दुःखाने वाचा बसलेली नाही. विधीची भाषा वक्त्याचे स्थान गृहीत धरते आणि ते स्थानच येथे खोटे ठरले आहे. काही वाक्ये माहिती देत नाहीत, ती स्वतःच कृती असतात, आणि योग्य व्यक्तीने योग्य परिस्थितीत उच्चारली तरच ती कृती सिद्ध होते, हा विचार जे. एल. ऑस्टिनने हार्वर्ड येथील १९५५ च्या व्याख्यानांत मांडला. इलेक्ट्राचा पेच हा त्या विचाराचे उत्कृष्ट उदाहरण होय.

पेच सोडवितात त्या दासी. पराजित नगरांतून आणलेल्या या स्त्रिया राजकन्येला शब्दशः बोलणे शिकवितात. जे निष्ठावंत आहेत त्यांच्यासाठी माग. दूर असलेल्या ओरेस्टीसचे स्मरण ठेव. आणि मारेकऱ्यांवर कोणीतरी यावा अशी प्रार्थना कर. यावर इलेक्ट्रा विचारते : न्याय करणारा की सूड घेणारा? दासींना हा भेद नको आहे; जिवाच्या बदल्यात जीव घेणारा, एवढे त्यांना पुरे. देवांपाशी असे मागणे धर्म्य आहे काय, हाही प्रश्न ती विचारते. न्याय आणि सूड यांतील ज्या भेदाचा निवाडा तिसऱ्या नाटकात अरेओपागसच्या न्यायसभेत व्हावयाचा, तो येथे शोकमग्न मुलीच्या शब्दनिवडीतून प्रथम समोर येतो. तिच्या प्रार्थनेत आईपेक्षा आपण अधिक संयमी व्हावे, आपले हात अधिक निर्मळ असावेत, ही मागणीही आहे. सूडाच्या नाटकात ती उठून दिसते.

मराठी वाचकाने येथे एका शब्दाविषयी सावध असावे. 'खोए' या ग्रीक शब्दाला आपण सहज तर्पण म्हणतो. परंतु तर्पण 'तृप्' धातूपासून आले असून त्यात मृताच्या तृप्तीचा भाव आहे. 'खोए' हा ओतणे या अर्थाच्या धातूपासून आला असून तो धातू संस्कृत 'हु'चा, म्हणजे होम आणि हवन यांच्या धातूचा, सगोत्र आहे. क्लायटेम्नेस्ट्राला हवे आहे ते तर्पण. इलेक्ट्रा करते ते आवाहन. द्रव्य तेच, पात्र तेच. शब्द बदलल्याने कृतीचा अर्थ उलटतो. मृताने शांत व्हावे म्हणून पाठविलेले द्रव्य मृताला जागे करण्यासाठी ओतले जाते.

तिचा शोक निरोपापर्यंत का पोचत नाही, याचे कारणही नाटकातच आहे. अगमेम्ननला पुरताना नागरिक नव्हते, विलाप नव्हता. इलेक्ट्राला कुत्र्यासारखे आत कोंडले होते आणि ती लपून रडली होती. ज्याची अंत्ययात्राच झाली नाही, त्याला निरोप कसा द्यावा? म्हणून बहीण, भाऊ आणि वृंद यांचे सुमारे पावणेदोनशे ओळींचे शोकगान हे केवळ सूडाचे स्फुरण नव्हे. राहून गेलेला अंत्यविधी त्यात उशिरा पुरा होतो. त्यानंतरच्या संवादात मुले पित्याला ज्या जाळ्यात तो मारला गेला त्याची आठवण देतात. थोड्याच ओळींनी जाळे पुन्हा येते, पण उलट अर्थाने : बुडणाऱ्या जाळ्याला वर धरणाऱ्या बुचांप्रमाणे संतती मृताचे नाव तरते ठेवते. हे शब्द दोघांपैकी कोणाचे, याविषयी संपादकांत एकमत नाही. मात्र हत्येचे साधन येथे स्मृतीचे रूपक बनते, यात संशय नाही.

यानंतर इलेक्ट्राला घरात जाण्यास सांगितले जाते आणि ती पुन्हा रंगभूमीवर येत नाही. तिचे कार्य वाणीचे होते व ते संपले, असे याचे समर्थन करता येते. तरीही उणीव राहते. हात निर्मळ राहावेत असे मागणाऱ्या मुलीला आईच्या वधासमोर नाटककाराने उभे केले नाही. तिच्या प्रश्नाचे ओझे पुढे भावाने वाहिले. सोफोक्लीसने तिला अखेरपर्यंत रंगभूमीवर ठेवले, परंतु त्याच्या नाटकात थडग्याकडे जाते ती बहीण क्रिसोथेमिस; इलेक्ट्राचा प्रसिद्ध विलाप जिवंत भावाच्या मानलेल्या रक्षापात्रावर आहे. पित्याच्या थडग्यापाशी बोलणारी कन्या पाहावयाची ती एस्किलसमध्येच.

मराठीत तिलांजली देणे याचा अर्थ कायमचे सोडून देणे असा झाला आहे. मृताला पाणी दिले की संबंध संपला, हा व्यवहार त्या वाक्प्रचारात रुजला आहे. इलेक्ट्राच्या हातून सांडणारे द्रव्य संबंध संपवीत नाही. बापाने ऐकावे आणि आपल्या लेकरांकडे पाहावे, एवढ्यासाठी ते मातीत मुरते. या प्रवेशाचे मराठी भाषांतर जो कोणी करील, त्याला ही दोन टोके वेगळी ठेवावी लागतील.